वडिलांनी घासलेली रायफल

मशीन ऑइलचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. मी जर्मनीत, म्युनिकजवळ गार्चिंगला राहत होतो तेव्हाची गोष्ट. हॅनोव्हरजवळच्या एका म्हाताऱ्याकडून मी माझ्या संग्रहासाठी जुनी लष्करी रायफल घेतली, कायद्याप्रमाणे निकामी केलेली. भिंग लावून तासभर तपासली. नळी, बोल्ट, दस्ता, सगळ्यावर एकच नंबर, म्हणजे एकही भाग बदललेला नाही. म्हाताऱ्याने बजावलं होतं, "हा काळपट रंग मूळचा आहे, घासू नका." दुसऱ्याच दिवशी खंडेनवमी होती, आणि आयुष्यभर कारखान्यात फिटर असलेले माझे वडील आमच्याकडे आले होते. मी अंघोळ करून बाहेर येतो तर काय, पॉलिश पेपरने घासून, तेल लावून, हळदकुंकू वाहून रायफल लख्ख! नंबरसुद्धा गेले. वर मलाच दम, "काय रे, इंजिनियरच्या घरात गंजकं लोखंड? पूजेला तरी स्वच्छ नको?" तेवढ्यात ती बघायला मुद्दाम बोलावलेला माझा जर्मन साहेब आला, स्वतः जुना संग्राहक. तो बघतच राहिला. "आल्झो... तर मग, हे कोणी केलं?" वडिलांकडे बोट दाखवणं मला जमेना. "मी," म्हणालो. "आणि तू इंजिनियर?" घराण्यातल्या पहिल्या ग्रॅज्युएटने मान खाली घातली. "काय म्हणतोय रे?" वडिलांनी विचारलं. "काम झकास झालंय म्हणतो." "गेनाऊ!" वडील खुशीत म्हणाले, म्हणजे 'अगदी बरोबर'; जर्मन शब्द त्यांना तेवढाच यायचा. ती रायफल आजही भिंतीवर आहे. संग्राहक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि दर खंडेनवमीला गावाहून फोन येतो, "तेल लावलंस का?" लावतो. चरफडत लावतो.