झडतीचं उत्तर

त्या वर्षांत कॅमेरा घेऊन कोणत्याही गावात शिरलो की पारावरून पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कोन मेलं, बावा?" कापसानं जिल्ह्याची अशी काही दशा करून ठेवली होती की कॅमेरा आला म्हणजे कोणाच्या तरी घरी रडारड असणार, एवढंच लोकांना ठाऊक. बाहेरच्या गाड्या यायच्या, बाईला पदर सारखा करायला सांगून पुन्हा एकदा रडायला लावायच्या आणि धूळ उडवत यवतमाळच्या हॉटेलात परत जायच्या. माझं टाळकं फिरायचं. मी दारव्ह्याचा, सिझनमध्ये लग्नाच्या शूटिंगा करून पोट भरणारा माणूस. उरलेल्या दिवसांत माझ्या मर्जीच्या फिल्मा करायचो. बंद पडत चाललेलं जिनिंग, दंडारीच्या खेळातले सोंगाडे, आठवडी बाजारातले कासार, असलं काहीबाही. त्या कोणी घेत नसे. एका चॅनेलवाल्यानं तर तोंडावर विचारलं होतं की यात रडणारं कोणीच नाही का. कचेरीत जन्म काढलेले माझे वडील मला काही बोलत नसत. फक्त जेवताना माझ्याकडे एकदा बघायचे, त्यात सगळं आलं.

मला झडत्यांवर फिल्म करायची होती. पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे सजवलेले बैल तोरणाखाली उभे करतात आणि ते सुटायच्या आधी झडत्या होतात. एका बाजूचा माणूस तालात, यमक जुळवून, महादेव-पार्वतीच्या नावानं कोडं घालतो. समोरच्यानं तिथल्या तिथं तसंच जुळवून उत्तर द्यायचं. देता आलं नाही तर तो हरला, त्याचे बैल मागून जातील. माझ्या आजोळी ही लढत दोघांचीच होती. खालच्या आळीतले मामा, म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ, आणि वरच्या आळीतला एक म्हातारा, ज्याला सारं गाव आबाजी म्हणायचं. वर्षभर एकमेकांना रामराम नाही आणि पोळ्याला एकमेकांवाचून पान हलत नाही, असा त्यांचा कारभार. दोघंही शाळेची पायरी चढले नव्हते. जे होतं ते डोक्यात.

एका पोळ्याला मी मोठ्या हौसेनं गेलो तर लढतच झाली नाही. आबाजीनं बैल विकले होते. ज्याच्या दावणीला बैल नाही त्यानं तोरणाखाली उभं राहायचं नाही, हे कोणी सांगावं लागत नाही. पोळ्याच्या सकाळीच तो लेकीच्या गावाला निघून गेला होता. मामांनी बैल मुकाट्यानं फिरवून आणले. पुढच्या वर्षी बघू म्हणून मी परतलो.

उन्हाळा सरता सरता मामींचा फोन आला. मामांच्या गळ्यात गाठ निघाली होती. सुपारी-तंबाखूचा खर्रा चोवीस तास तोंडात, दुसरं काय होणार! नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, आवाजाची पेटीच काढावी लागेल, नाहीतर माणूस जाईल. तारीख मिळाली ती पोळ्याच्या आधीची. हा माणूस आता पुन्हा झडती म्हणणार नव्हता आणि माझ्यापाशी त्याची एक ओळसुद्धा नव्हती.

दुसऱ्याच दिवशी सामान घेऊन पोचलो. पंखा बंद केला, खिडकीला गोधडी टांगली, कोंबड्या हाकलल्या, मामांच्या सदऱ्याच्या गळ्याला बारका माईक लावला आणि म्हटलं, म्हणा. आवाज तेव्हाच अर्धा फाटला होता. त्यांनी डोळे मिटले, हात वर केला, आणि थांबले. पुन्हा हात वर केला, पुन्हा थांबले. मी म्हटलं, जुनी एखादी म्हणा, मागच्या कोणत्याही पोळ्याची. त्यांच्या चेहऱ्यावर असा राग आला की मीच खाली बघितलं.

"समोरून कोडं आलं तं निंगते, बावा," ते म्हणाले. "हे काय पाढे हायेत?"

मग शांतपणे म्हणाले की ऑपरेशन पोळ्यानंतर करू. मामींनी हातातलं ताट आदळलं. मीही चिडून बोललो, मामा, भलतंसलतं मनात आणू नका. मामी मला म्हणाल्या, आधी त्या कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे कर. केलं. कोंबड्या परत आत आल्या.

तसाच उठून वरच्या आळीत गेलो. आबाजी ओसरीवर दोर वळत बसला होता. बैल नाहीत, तरी दोर वळत होता. मी सगळं सांगितलं आणि हातापाया पडलो. फक्त एक कोडं, मामांच्या घरी, दार लावून, गावाला कळणारसुद्धा नाही. म्हातारा ऐकून घेत राहिला. मग म्हणाला की तोरण नाही, बैल नाही आणि झडती म्हणायची, तर मग तमाशातच जाऊन म्हणू. मी पुन्हा विनवलं. माझा आवाज चढला, मी काही उणंदुणंही बोललो. हट्टापायी एका माणसाचं सगळं मातीत घालताय, असं काहीतरी. त्यानं दोर खाली ठेवला.

"त्याले म्हना, आपरेशन करून ये. झडतीसाठी जीव कायले देतं?"

मामा जीपमध्ये बसून गेले तेव्हा मी रस्त्यावर उभा होतो. शूटिंग केलं नाही. कशाचं करणार? माणूस जीपमध्ये बसतो, याचं? घरी येऊन आडवा झालो आणि कितीतरी दिवस कॅमेऱ्याच्या बॅगेला हात लावला नाही. वाटायचं, चॅनेलवालेच बरे. त्यांना जे हवं ते या जिल्ह्यात कुठेही, केव्हाही मिळतं. मला हवं ते माझ्या डोळ्यांदेखत संपत होतं आणि मी नुसता बॅटऱ्या चार्ज करून ठेवत होतो.

पोळ्याला जायचं नव्हतं. मामींनी बोलावलं म्हणून गेलो. मामा वाळले होते. गळ्याला भोक, त्यावर पांढरा दुपट्टा. बोलणं खुणांचं. पण बैल त्यांनी स्वतः धुतले होते, शिंगं रंगवली होती, आणि तोरणाकडे निघाले तेव्हा मी सवयीनं त्यांच्या सदऱ्याला माईक लावला. लावल्यावर ध्यानात आलं की हे मी कशाला करून राह्यलो. काढायला धीर झाला नाही. हेडफोन कानावर चढवून मागं मागं चालत गेलो.

तोरणाखाली जोड्या थोड्याच होत्या. मामा आपल्या बैलांपाशी उभे राहिले. मानाप्रमाणे पाटलाघरचा माणूस आता तोरण तोडून बैल सोडणार, एवढ्यात वरच्या आळीकडून आबाजी आला. हात रिकामे, आणि खांद्यावर विकलेल्या बैलांची झूल घडी घालून टाकलेली. तो सरळ मामांच्या समोर येऊन उभा राहिला.

त्यानं हात वर केला आणि झडती म्हटली. तिचं यमक मला इथं जमणार नाही, पण कोडं असं होतं. महादेवानं नंदी बाजारात विकला. कैलासापर्यंत पायी चालत आला. दारात पार्वती उभी होती. तर सांग गड्या, नवऱ्याच्या हातात रिकामा कासरा पाहून पार्वती काय बोलली?

हे कोडं कोणाच्या घरचं होतं ते तिथल्या लेकराबाळांनाही कळलं.

मामांनी डोळे मिटले. हात वर केला. लोक थांबले. बैलांच्या घुंगरांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पण माझ्या कानावर हेडफोन होते आणि माईक त्यांच्या गळ्यापाशी. भोकातून वारा आत-बाहेर होत होता, आणि त्या वाऱ्याला ताल होता. ओळ संपली की थांबत होता, पुढची ओळ धरत होता, यमकाशी जोर देत होता. मामा उत्तर देत होते. पुरं उत्तर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी कॅमेऱ्यात बघायचंच विसरलो, ते सगळं चित्र हललेलं आहे.

त्यांचा हात खाली आला. पाटलाघरच्या माणसानं आबाजीकडे पाहिलं. नियमानं मामा हरले होते.

आबाजी म्हणाला, "मले आयकू आलं. मी हारलो. त्याचे बैल पह्यले जाऊ द्या."

मामांचे बैल पहिले गेले. आबाजी झूल सावरत त्यांच्या मागं चालला.

मी दुसऱ्या दिवशी आबाजीकडे गेलो, काय ऐकू आलं ते विचारायला. त्यानं मला चहा पाजला आणि सांगितलं नाही. मामांना खुणा करून विचारलं, तर ते हसले आणि हात झटकला. मग थंडी पडायच्या आत मामा गेले. गाठ पसरली होती. मी ती फिल्म यवतमाळला एका शाळेच्या हॉलमध्ये दाखवली. तो भाग आला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, आवाज वाढवा, आणि प्रोजेक्टरवरच्या पोरानं वाढवला. सगळा हॉल नुसत्या वाऱ्यानं भरून गेला.

त्याआधी, मामांचं दिवसकार्य उरकल्यावर मी मामींना भेटायला गेलो होतो. चुलीपाशी बसून विचारलंच. मामी, तुम्ही जन्मभर त्यांच्या झडत्या ऐकल्या. पार्वती काय बोलली असेल हो?

मामी भाकरी थापत होत्या. त्यांना फार विचार करावा लागला नाही.

"पानी घ्या म्हनली असन," त्या म्हणाल्या. "चालत आल्ता नं थो."