कॉम्प्युटरच्या पोटातले तांदूळ

खंडेनवमीला आमच्या घरी विळे, खुरपी, पाण्याची मोटर, सगळ्यांची पूजा होते. त्या वर्षी मी सुनेच्या कॉम्प्युटरचीही केली. ती फोटो काढायला आष्टीला गेली होती. तिचं अवजार तेच, मग ते कशाला सोडायचं? डब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि वरच्या जाळीवर मूठभर ओल्या अक्षदा टाकल्या. त्या जाळीतून आत गेल्या. कुठे गेल्या ते मी पाहिलं नाही. संध्याकाळी फूल उचललं, डबा फडक्याने पुसला आणि विषय संपला असं धरून चालले.

दसरा झाला आणि डबा आतून करकर करायला लागला. चालता चालता बंद पडायचा. सुनेने पाटोद्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. मी दारात शेंगा फोडत होते. फोनचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं.

"आवाज येतोय म्हंजे हार्डडिस्क जायला लागली, वहिनी. आधी अख्ख्या डिस्कची कॉपी काढा. तवर डबा हलवू नका, उघडू नका."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. चौथी शिकलेल्या बाईला यातलं काय कळतं, असं स्वतःला सांगून गप्प बसले. कळत मात्र सगळं होतं. गावात तोंडावर बोलणारी म्हणून माझं नाव आहे. ते दुसऱ्यांच्या चुकांपुरतंच.

त्या डब्यात सुनेचं आठ वर्षांचं काम होतं. लग्नं, बारशी, फॉर्माला लावायचे फोटो. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. उन्हाळ्यातल्या एका लग्नाचा तर अल्बमही व्हायचा होता, आणि कॅमेऱ्याची कार्डं तिने पुढच्या लग्नासाठी पुसून टाकली होती. हे सगळं गेलं असतं तर तिच्याकडे पुन्हा कुणी लग्न दिलं नसतं.

पाटोद्याहून ती नवी डिस्क घेऊन आली. तंबाखूच्या डबीपेक्षा जराशी मोठी. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वायरीने जोडली. पडद्यावर एक निळी पट्टी आणि खाली शंभरातली किती कॉपी झाली त्याचा आकडा.

"आत्याबाई, मी पाणी भरून येते. कुणाला हात लावू देऊ नका. आकडा वाढतोय का तेवढं बघा."

आकडे मला वाचता येतात. आकडा एकतीसवर आला, करकर वाढली आणि पडदा काळा झाला. सून हंडा घेऊन दारातच उभी राहिली.

"काई केलं का तुमी?"

"मी काय करणार? बसलीय जागेवर."

अर्धी कॉपी कामाची नसते. तिने पहिल्यापासून पुन्हा लावली. तेवढ्यात त्या उन्हाळ्यातल्या लग्नाच्या नवरीची आई आली. मागच्याच गल्लीतली. त्यांची टोळी दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला निघणार होती आणि तिला अल्बमसाठी फोटो निवडायचे होते.

"आज न्हाई दाखवता येत," सून म्हणाली. "मशीन आजारी हाय."

"मंग माझ्या लेकीचं लगीन?"

"त्यातच हाय."

बाई खालीच बसली. "मंग मीबी हितंच हाय. टोळी परत यायला चैत उजाडंल. तवर माझ्या जिवाला थारा राहील का?"

तिघी पट्टीकडे बघत बसलो. एकोणीसवर पुन्हा अंधार.

सून रडली नाही. तिचा चेहरा उतरला. "दर वेळी आधीच बंद पडतंय. आता चालू करायचंच भेव वाटतंय," ती म्हणाली आणि बटणाकडे हात नेला.

"थांब," मी म्हणाले. "त्याच्या पोटात तांदूळ हायेत."

"कसले तांदूळ, काकू?" बाईने विचारलं.

"पूजेचे. मी टाकले."

बाईला हसू फुटलं, पण सुनेचं तोंड बघून तिने पदर तोंडाला लावला.

"कवा?" सुनेने विचारलं.

"खंडेनवमीला."

"आन् मी डिस्कच्या नावानं गळा काढतीय!"

तिने पेचकस आणून डबा उघडला. आतल्या पंख्यात लाल दाणे अडकले होते, कुंकवाचा थर बसला होता आणि झेंडूची एक पाकळी चिकटली होती. ती चिमट्याने दाणे काढत गेली, मी हात पुढे धरून ते घेत गेले. पंख्याचं एक पातं मोडलं होतं, तो फिरेचना. डबा तापून बंद पडत होता.

उघड्या डब्यासमोर तिने टेबलफॅन लावला आणि पावणेअकराला तिसऱ्यांदा कॉपी सुरू केली. एकतीस गेले. पन्नास गेले. जेवण कुणीच केलं नाही.

तीनला लाइट गेली. रोजच जाते. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आला. इन्व्हर्टर जास्त वेळ टिकावा म्हणून सुनेने टेबलफॅन बंद केला. आकडा ब्याऐंशी. मी उठून सूप आणलं आणि डब्याला वारा घालायला लागले.

"काकू, जावयालाबी कुणी एवढं वारं घालीत न्हाई," बाई म्हणाली.

"तू गप बस."

सत्त्याण्णवला इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला. माझे खांदे भरून आले होते. सूप थांबवलं नाही. अठ्ठ्याण्णवला आकडा इतका वेळ अडला की सुनेने माझं मनगट घट्ट धरलं. पंचाईत अशी की त्याच हाताने मी वारा घालत होते. मग पट्टी भरली.

तिने नव्या डिस्कमधलं लग्न उघडून दाखवलं. मुंडावळ्या बांधलेली पोरगी दिसली. बाईने पडद्याला बोट लावलं. "हीच. आता च्या टाका."

सून पुढे आठ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. नवा पंखा बसवताना दुरुस्तीवाल्याने तिला सांगितलं की कॉपी कॉम्प्युटरजवळ ठेवू नये. तो गेल्यावर तिने ती डिस्क माझ्या हातात दिली.

"तुमच्या पेटीत ठेवा."

"माझ्याच पेटीत कावून?"

"लपवायला तुमच्यापेक्षा हुशार कोण हाय घरात?"

मी पेटी उघडली.