कॉकपिटमधली सूट

"स्पुटम पॉझिटिव्ह," डॉक्टर म्हणाले. म्हणजे थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. "अंजब्याडरी टीचर, घाबरू नका. सहा महिन्यांचं औषध आहे. दोन महिन्यांनी थुंकी पुन्हा तपासू. तोवर घरातही मास्क लावायचा."

मी पर्समधली वही काढली आणि लिहून घेतलं: गोळ्या रोज, उपाशीपोटी. झोपायला वेगळी खोली. खिडक्या उघड्या. लघवी केशरी होईल, ती गोळीमुळे. मास्क.

तीन आठवड्यांचा खोकला आणि संध्याकाळची कणकण मी खडूच्या धुळीवर ढकलली होती. तुम्ही तसं करू नका.

कोरोना ओसरत होता. लॅमिंग्टन रोडवर सगळ्यांचे मास्क हनुवटीवर उतरले होते. दवाखान्यासमोर दोन माणसं उघड्या तोंडाने चहा पीत हसत होती. त्यांनी माझं काहीच बिघडवलं नव्हतं, तरी मला त्यांचा हेवा वाटला.

घरी आम्ही दोघीच, मी आणि आई. आई ऐंशीची. तिला ऐकू फार कमी येतं, ओठ बघून समजतं. मास्क लावला आणि मी तिच्यासाठी मुकी झाले.

त्याच आठवड्यात आईच्या फोनवर निखिलचा फोटो आला. निखिल म्हणजे सप्तापूरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, को-पायलट. कॉकपिटमध्ये बसलेला, पांढरा शर्ट, कानावर हेडफोन, तोंड उघडं. आई दिवसभर तो फोटो बघत बसायची.

"कसा हसतोय बघ. तुझे नुसते डोळे दिसतात, तेही वटारलेले."

गोळ्या मी गिळायच्या, तिची भाकरी मी थापायची, आणि कौतुक त्याचं. मी त्याला फोन लावला.

"निखिल, तुम्हाला मास्कचा नियम नाही का रे?"

"विमानतळावर आहे, मावशी. कॉकपिटमध्ये आम्ही दोघंच, दार बंद झालं की आमच्या कंपनीत काढायला परवानगी आहे. रेडिओवर शब्द स्पष्ट जायला हवेत. शिवाय वेळ आली तर ऑक्सिजनचा मास्क पाच सेकंदांत चढवावा लागतो, त्यात हा अडकायला नको."

मी वहीत लिहिलं: दोनच माणसं. दार बंद. शब्द स्पष्ट हवेत. मग मला का नाही?

गोळ्यांच्या सहाव्या दिवशी आई न जेवता रुसून बसली. मी रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडकी लावली, दार लावलं, मास्क काढला. तिचा चेहरा असा खुलला! अर्धा तास गप्पा मारल्या. असं चार दिवस केलं.

दहाव्या दिवशी आई खोकली.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, खिडकीसुद्धा. ते ओरडले नाहीत. "कॉन्टॅक्ट टेस्टिंग करू," म्हणाले. म्हणजे रुग्णाच्या सहवासातल्या माणसाची तपासणी. आईचा एक्स-रे काढला, थुंकीही दिली. निकाल तीन दिवसांनी मिळणार होता.

त्या तीन दिवसांत निखिलचा फोन आला. मी त्याच्यावरच उखडले. "तुझ्या त्या नियमामुळे मी मास्क काढला, आता आई खोकतेय!"

तो म्हणाला, "मावशी, नियमाचा अर्धा भाग तू विचारलाच नाहीस. ज्याला खोकला-ताप आहे, तो कॉकपिटपर्यंत येतच नाही. त्याने स्वतः कळवायचं आणि घरी बसायचं. बाकीची सूट त्याच्यानंतरची."

फोन ठेवल्यावर मी वही उघडली. तिथे तीनच अटी होत्या; आजारी माणसाने घरी बसायची चौथी मी विचारलीच नव्हती. हेवा वाटत असताना माणूस आपल्या सोयीचंच तेवढं लिहून घेतो, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

निकाल घ्यायला दवाखान्याच्या बाकावर बसले तेव्हा शेजारी एक मुलगी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. तिचाही हेवा वाटला.

आईचा रिपोर्ट स्वच्छ आला. खोकला सर्दीचा होता. तरी डॉक्टरांनी तिला प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या आणि म्हणाले, "ओठ दिसत नाहीत, पण टीचर, हात आहेत ना?"

मी शाळेतून पाटी मागवून घेतली. उघड्या खिडकीजवळ, मास्क लावून, मोठ्या अक्षरांत लिहू लागले: भाजी कोणती? औषध घेतलंस? आई वाचायची, खणखणीत उत्तर द्यायची आणि माझी अक्षरं वाकडी म्हणून नाक मुरडायची.

दोन महिन्यांनी थुंकी निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी होकार दिल्यावर घरी येऊन मी आईसमोर मास्क काढला. तिने बराच वेळ बघितलं.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली. मग फोन पुढे केला. "तुझाही एक फोटो घालून दे यात."

निखिलच्या शेजारी की त्याच्या जागी, हे मी विचारलं नाही. पाटी उचलून कपाटात ठेवायला निघाले.

"असू दे ती बाहेर," आई म्हणाली. "तोंडाने फार बोलतेस. लिहून सांगितलंस की थोडक्यात आटपतं."