जाळीतला कापूस

उखर्डूसारखा ड्रायव्हर मी धुळ्यात दुसरा पाहिला नाही, आणि त्याचं वाटोळं मीच केलं. आता सांगायला बसलोच आहे तर मध्येच 'जाऊ द्या हो गिरधरनाना' म्हणू नका, डोकं फिरतं माझं.

तो एरंडोलकडच्या एका खेड्यातला. देवपूरच्या तोतारामशेठची डिझेल पिकअप चालवायचा, चोपड्याहून केळी भरून धुळ्याला आणायचा. डिझेल भरताना टाकीचं झाकण आधी फडक्यानं पुसायचा, मग उघडायचा. मालकाच्या गाडीला कोण एवढं करतं?

माझं गॅरेज पांझरेच्या पुलाजवळ. डिझेल पंप आणि नोझलचं काम म्हटलं की गिरधर मिस्तरी, असा लौकिक. लौकिक कसला, माज होता नुसता. बाकीचे मिस्तरी चिंध्यांनी पार्ट पुसायचे, मी घरच्या शेतातला कापूस वापरायचो. आम्हाला कापसाचा काय तोटा, ही ऐट. आणि डिझेल बोटांवर चोळून, नुसता वास घेऊन खराबी सांगायचो. लोक तोंडाकडे बघत राहायचे, मला ते फार आवडायचं.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात त्या पिकअपचा पंप मी उतरवून साफ केला. तिसऱ्याच दिवशी भरलेली गाडी चढावर बंद पडली. थोडी चालायची, परत बसायची. सगळी केळी उन्हात काळी पडली. शेठ गाडी ओढून माझ्याकडे घेऊन आले, सोबत उखर्डू. गॅरेजात चारपाच गिऱ्हाईकं बसलेली. मी पान्याला हातसुद्धा लावला नाही. डिझेलमध्ये बोटं बुडवली, वास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "रॉकेल आहे यात. याने डिझेल विकलं आणि रॉकेल ओतलं."

उखर्डूचा चेहरा पडला. "मिस्तरी, बठ्ठं खोलीसन देखा. मनी चूक नही शे."

"सगळं खोलून बघायचं मला शिकवतो का रे?" मी म्हणालो.

शेठने तिथल्या तिथे त्याच्याकडून चावी काढून घेतली. मी टाकी रिकामी केली, पाइप फुंकले, आत शिरलेली हवा काढली. गाडी सुरू झाली, माझं बोलणं खरं ठरलं.

दोन महिन्यांनी तीच गाडी, नवा ड्रायव्हर, तीच खोड. या वेळी पंप खोलला. डिझेल जिथून पंपात शिरतं तिथे एक बारीक जाळी असते. तिच्यात कापसाचे तंतू घट्ट बसले होते; मागे पाइप फुंकले तेव्हा ते तेवढ्यापुरते सैल झाले असणार. माझ्या घरचा कापूस. आणि तो वास? त्या दिवशी सकाळपासून मी रॉकेलमध्ये पार्ट धूत होतो. वास माझ्याच बोटांना होता.

शेठला सांगितलं का? नाही. "कचरा होता," एवढंच म्हणालो. लाज वाटत होती, पण नाव जाईल ही भीती लाजेपेक्षा मोठी निघाली. सहा महिने गप्प राहिलो. अन्न गोड लागेना, तेव्हा कुठे एसटीत बसून त्याच्या गावी गेलो.

त्याला कोणी गाडी देत नव्हतं. केळीचे घड डोक्यावर वाहायचा. बायको मंदाबाई पाणी देऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही. मी सगळं कबूल केलं, हात जोडले. तो रागावलासुद्धा नाही.

"माले सांगीसन काय उपयोग, मिस्तरी?" तो म्हणाला. "स्टँडवर जाईसन सांगा. तठे बठ्ठा माले रॉकेलवाला म्हणतस."

"सांगतो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

स्टँडवर चहाच्या टपरीशी सातआठ जण बसले होते. एकाने मला ओळखलं. "अरे, हे धुळ्याचे गिरधर मिस्तरी. बसा नाना, चहा घ्या." दोघं उठले, बाकावर जागा करून दिली. घशाशी आलेलं बोलणं मी चहाबरोबर गिळलं.

"इकडे कोणाकडे आले होते?" त्याने विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "त्या रॉकेलवाल्याकडे."