अष्टमीच्या भरतीला जेऊरची आत्या

जेऊरहून निघालो तेव्हा आत्याच्या पिशवीत भाकरी, शेंगाचटणी आणि गुडघ्यांना लावायच्या तेलाची बाटली होती. तिचं आयुष्य शेळ्यांमागं गेलं. समुद्राच्या पाण्यात एकदा पाय बुडवायचे, एवढंच तिला हवं होतं.

कोकणात उतरलो भर दुपारी, आणि समोर नुसता चिखल! पाणी पार लांब, चकाकत्या रेघेसारखं. सहलीच्या जाहिरातीत ‘पायाशी समुद्र’ छापणाऱ्यांना ओहोटीची वेळ छापायला काय धाड भरली होती? एवढा चिखल तुडवणं आत्याच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं, आणि परतीची गाडी संध्याकाळची.

आत्या मात्र खाली चिखलाच्या कडेला चपला काढून खडकावर बसली आणि भाकरीचं फडकं सोडलं. उजनी धरणाचं पाणी मागं सरलं की त्या ओल्या गाळात पेरणारं आमचं घर.

"आटला की गं! आता पावसाळ्याबिगर काय येत न्हाय. हितं हरभरा लई झ्याक येईल बग."

"आजच येईल, आत्या. चंद्र ओढतो पाण्याला."

"कुटं हाय चंद्र?"

नारळींच्या शेंड्यांमागून तो नुकताच वर आला होता, पांढरा, अर्धा.

"मग आपल्या हिरीचं पाणी का न्हाय वडत?"

मी खडकाजवळच्या वाळूत पृथ्वी काढली. चंद्राकडच्या बाजूला ओढ जास्त, पलीकडं कमी. त्या फरकानं समुद्र दोन्हीकडं फुगतो, आणि पृथ्वी फिरते म्हणून दिवसात दोनदा भरती येते. विहीर एवढीशी, तिच्यात तो फरक दिसणार किती?

शहाळी विकणाऱ्या बाई ऐकत होत्या. "आज भांग आहे, लहान भरती. पाणी खडकापर्यंत नाय चढायचं, आजी."

माझं तोंड उतरलं. अष्टमीला सूर्य आडवा ओढतो आणि चंद्राचा जोर कमी पडतो, हे मी विसरलेच होते.

"पोरी, तुजा चंद्र उपाशी हाय वाटतं," आत्या हसली.

पण पाणी आलं. चिखल गिळत, फेस उडवत आलं. आत्याची एक चप्पल तरंगायला लागली, ती धरताना मी कमरेपर्यंत भिजले. आणि गाडीची वेळ झाली तेव्हा पाणी खडकापासून चार पावलं लांबच थांबलं होतं.

आत्या माझ्या खांद्यावर हात टाकून उठली. "त्यो एवढ्या लांबनं आलाय. मी चार पावलं जायला नको व्हय?"

लाट परतताना पायाखालची वाळू सरकली. आत्या किंचाळली, "आगं, मला बी वडतंय की!"

चंद्राची भीती घालणारी पत्रकं आमच्या गावात पुष्कळ वाटली जातात. म्हणून परत आल्यावर मी भरती कशी येते हे सांगणारं पत्रक लिहायला बसले. शेजारणींनी आत्याला विचारलं, समुद्र कसा हाय?

"सोबाव चांगला हाय," आत्या म्हणाली. "त्यो निम्म्या वाटंवर आला, निम्मी मी गेले."

पत्रकाची पहिली ओळ मी तीच ठेवली.