रामाजीचे चार पोते

हुडकेश्वरचा रामाजी माळी तसा बोलायले कमी, पन ग्लॅडिओच्या फुलाचं नाव काढलं का थांबतच नव्हता. रामदासपेठेत थो ज्या बंगल्याचा बगीचा पाहे, तिथल्या बाईनं त्याले कांद्याएवढे दहा गड्डे देल्ले होते. गड्ड्याच्या बुडाले लहान लहान पिल्लं लागतात न, ते वेचून वेचून त्यानं सात वर्षांत आपल्या वावरात दहाचे चार पोते केले.

पन हिवाळ्यात हे फूल सगळ्यायकडेच. रामाजीले दसऱ्याले पायजे होतं. गड्डे तीन महिने गारठ्यात झोपवले अन् पावसाळ्यात लावले, तं भडकन उठतात. आदल्या साली एक पोतं आलूच्या कोल्ड स्टोरेजात ठेवून त्यानं पाहिलं होतं. असे दांडे आले का सीताबर्डीचे फुलवाले घरी पुसत आले. मंग चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यानं चारही पोते तिथंच टाकले.

"एक टोपली तं घरी राहू द्या जी," त्याची बायको जयवंता म्हने.

"घरी का भाजायले ठेवू वं?"

मे महिन्यात स्टोरेजचा ट्रान्सफॉर्मर जळला. रामाजी सायकलनं गेला, तं मुनीम गिरिधर दरवाज्याले पाठ लावून बसला होता.

"एक डाव उघड गा. हात लावून पायतो."

"हात लावून तू का बरफ करशीन? उघडला का उरलेली थंडी भाईर. शंभर जनाचे आलू हायेत अंदर."

त्याचंही खरंच होतं. रामाजीनं दरवाज्याखालच्या फटीत बोटं घातले. गार लागलं. दुसऱ्या दिवशी घातले, तं कोमट. तिसऱ्या दिवशी त्यानं बोटं घातलेच नाही, लिंबाखाली बसून राहिला.

चौथ्या दिवशी लाइन आली अन् दरवाजा उघडला. सडल्या आलूचा वास नुसता. रामाजीच्या पोत्यायतून पांढरे कोंब भाईर आले होते. भर मे महिन्यात सगळे जागे झाले होते.

तरी लावले त्यानं. दोन वेळ विहिरीचं पानी देल्लं, वरून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यायचा मांडव केला. पाती वीतभर झाली अन् आठ दिवसांत शेंड्यापासून करपली. उकरून पाहिलं, तं हातात चोथा.

जयवंतानं त्याले माठाजवळ नेलं. पोते स्टोरेजात जायच्या आधी तिनं त्यातून चोरून अकरा पिल्लं काढून माठाखालच्या वल्ल्या रेतीत खुपसले होते, वाटान्याएवढे. सातायले सुईसारखी पाती निंगाली होती.

"रागावले का जी?"

"कोनावर रागावू?"

"यायले फूल कधी येईन?"

"तीन वर्षं लागतीन. तेही जगले तं."

साठी उलटली होती तवा त्याची. त्या दिवसापासून माठाले कोनी हात लावायचा नाही, असं त्यानं घरात सांगतलं. सकाळी एक बकेट, सांजच्याले एक, थोच भरे. अन् पाझर रेतीत उतरेपर्यंत तिथंच बसून राहे.