दोन्ही हात

लंडनमधल्या आमच्या साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यात नसीब कौर चिडलेली दिसली नाही, तर बायका तिची तब्येत विचारतात. कणीक सैल झाली, तवा तापला नाही, कुणी ताटात अन्न टाकलं, कशावरूनही तिचा पारा चढतो. विमानतळाच्या स्वयंपाकघरात परक्यांची ताटं भरण्यात तिची उमेदीची वर्षं गेली, आता म्हातारपणी लंगरात रोट्या लाटते. मी शेजारी कांदे चिरते, म्हणून निम्मी बोलणी मला.

त्या रविवारी मात्र तिच्या रागाला कारण होतं. तिच्याच गल्लीतला गुरतेज पाहुण्यांना भारतीय खाण्याची सफर घडवतो. जिलेबी, चाट, नैरोबीहून आलेल्यांच्या दुकानात मोगोचे, म्हणजे कसाव्याच्या कंदाचे, तळलेले काप, आणि शेवटी आमचा लंगर. हातात सफरीच्या नावाची पाटी धरून तो पुढे, डोक्याला रुमाल बांधलेले दहाबारा गोरे मागे. मला कौतुकच वाटायचं. पण पंगतीतल्या एका बाईने मला विचारलं, "तिकिटात भाजी एकदाच मिळते का?" मी ते नसीबला सांगितलं.

लाटणं थांबलं. "लंगराचं तिकीट?"

"हाकलून दे त्याला," मी म्हटलं.

"तोंड आवर. इथून कुणाला उपाशी घालवायचं नसतं." तिचं दुखणं तेच होतं. हाकलता येईना, आणि आपल्या हातची रोटी विकली जाते हे सोसवेना. "याच्या आईचा कारखाना बंद पडला तेव्हा तिने याला इथल्याच रोट्यांवर जगवला. लाज कोळून प्यायलाय मेला."

टोपली उचलून ती पंगतीत गेली. लंगराच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी ओंजळीत रोटी घेतली. गुरतेजने एकच हात पुढे केला.

"दोन्ही हात," नसीब म्हणाली.

"बीजी, पाटी आहे ना हातात."

"खाली ठेव."

"लोक बघतायत, बीजी."

"बघू देत. इथे घ्यायचं असतं पुत्तर, विकायचं नसतं." मग ती पाहुण्यांकडे वळली आणि आपल्या विमानतळी इंग्रजीत म्हणाली, "इथलं जेवण फुकट आहे. उद्याही या. याला विचारायची गरज नाही."

"मग आम्ही पैसे कसले दिले?" त्या बाईने गुरतेजला विचारलं. त्याने मान खाली घातली, पाटी जमिनीवर ठेवली आणि ओंजळ पुढे केली. नसीबने एक रोटी घातली. तो पुरे म्हणाला तरी दुसरी घातली.

परत येऊन तिने लाटणं उचललं. "ओंजळ अगदी आईसारखी धरतो," ती म्हणाली, आणि माझ्यावर खेकसली, "बघतेस काय? कांदे चीर."